लहान गाठ शोधायला कोणतं मशीन? गॅमा कॅमेरा, स्पेक्ट आणि पेट: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे पेशंटचे नातेवाईक, त्यांचे फॅमिली डॉक्टर आणि या क्षेत्रात काम शिकणारे टेक्नॉलॉजिस्ट असे तिघंही हेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. या तपासण्यांत पेशंटला थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि अंगातून निघणारे किरण मशीन टिपतं; खाली ‘औषध’ म्हणजे बहुधा हेच. गॅमा कॅमेरा सपाट चित्र काढतो, स्पेक्टमध्ये तोच कॅमेरा अंगाभोवती फिरून आतलं चित्र काढतो, आणि पेट जोडीने निघणारे किरण टिपतो. काही उत्तरांत थोडं गणित आहे. ते अवघड वाटलं तर पुढच्या प्रश्नावर जा, पण डॉक्टरांनी ते सोडू नये.

सगळ्यात लहान किती मिलिमीटरची गाठ दिसते? एकच आकडा सांगा.

मशीनचं नाव सांगून एक आकडा देता येत नाही. कोणी दिलाच तर लगेच विचारा: कोणत्या औषधाने?

मशीनची रेखीवता, म्हणजे रिझोल्यूशन, ढोबळपणे अशी धरा. शरीराच्या आतलं चित्र घेताना स्पेक्टची रेखीवता ८ ते १२ मिमी असते, पेटची ४ ते ६ मिमी आणि नव्या डिजिटल पेटची ४ मिमीच्या आसपास. या आकड्याचा अर्थ ‘याहून लहान गाठ दिसतच नाही’ असा नाही. सुईच्या टोकाएवढा किरणोत्सारी ठिपका चित्रात जेवढा पसरून दिसतो, त्याची ती रुंदी आहे. लहान गाठीचं औषध चित्रात आजूबाजूला सांडतं आणि गाठ खऱ्यापेक्षा फिकी व मोठी दिसते. किती फिकी, हेच खरं महत्त्वाचं.

गोल गाठीसाठी हा हिशेब मांडता येतो. गाठीचा व्यास रेखीवतेच्या तिप्पट असेल तर मध्यभागी खऱ्या तेजाचं साधारण ९९ टक्के मिळतं. दुप्पट असेल तर ८६ टक्के. गाठ आणि रेखीवता सारखीच असेल तर २९ टक्के. गाठ निम्मी असेल तर फक्त ५ टक्के. दुप्पटीपासून बरोबरीपर्यंतच्या टप्प्यात केवढी घसरण होते ते बघा. १० मिमीची गाठ ५ मिमीच्या पेटवर ठळक दिसते आणि १० मिमीच्या स्पेक्टवर तीच गाठ तीन हिश्शांतले दोन हिस्से उजेड गमावते, ते यामुळे.

म्हणजे लहान गाठीसाठी नेहमी पेटच करायचा ना?

नाही. या पानावरचं हे सर्वात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून आकडे घेऊनच बघू.

५ मिमीची गाठ धरा. एका औषधाने ती आजूबाजूच्या उतीपेक्षा ४ पट तेजस्वी होते. ५ मिमी रेखीवतेच्या पेटवर तिचा जादा उजेड २९ टक्केच उरतो, म्हणून चित्रात ती आजूबाजूपेक्षा १.९ पटच तेजस्वी दिसते. आता दुसरं औषध घ्या, जे त्याच गाठीत २० पट साठतं, पण ते फक्त स्पेक्टवर घेता येतं. १० मिमी रेखीवतेच्या स्पेक्टवर जादा उजेडातला ५ टक्केच उरतो, तरी गाठ १.९ पट दिसते. दोन्ही चित्रांत फरक जवळजवळ तेवढाच! आणि २० पट साठणारं औषध पेटवर वापरता आलं तर तीच गाठ साडेसहा पट उठून दिसेल.

अंधाऱ्या रात्री सातपुड्याच्या पायथ्यावरून दूरच्या पाड्यावरचा एकच बल्ब दिसतो. तो केवढा आहे हे कळत नाही, पण आहे हे कळतं. भर दुपारी तोच बल्ब पेटलेला असूनही दिसत नाही. गाठ दिसणं हे तिच्या आकाराइतकंच मागच्या अंधारावर अवलंबून असतं, आणि तो अंधार औषध ठरवतं.

वरच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही: चित्रातला कणीदारपणा. स्पेक्टमध्ये किरण मोजले जातात फार कमी, त्यामुळे १.९ पट असूनही गाठ दाण्यादाण्यांत हरवू शकते. तिथे पेटचा फायदा पुन्हा येतो. तरी क्रम तोच राहतो: आधी औषध ठरवा, मग मशीन.

स्पेक्टमध्ये किरण कमी का मोजले जातात?

कॉलिमेटरमुळे. गॅमा कॅमेऱ्यासमोर बारीक भोकांची शिशाची जाळी असते. सरळ येणारा किरण आत जातो, तिरका अडतो. नेहमीच्या लो एनर्जी हाय रिझोल्यूशन कॉलिमेटरमधून साधारण दहा हजारांतला एकच किरण पलीकडे पोचतो. पेटमध्ये शिशाची जाळी लागत नाही. ५११ केव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचं माप) ऊर्जेचे दोन किरण एकाच वेळी विरुद्ध दिशांना निघतात आणि दोन्ही बाजूंच्या डिटेक्टरना ते एकाच क्षणी लागले की दिशा आपोआप कळते. त्यामुळे पेट शंभरपट वा अधिक किरण मोजतो.

जाळीचा दुसरा परिणाम टेक्नॉलॉजिस्टच्या हातात आहे. याच कॉलिमेटरची रेखीवता १० सेंमी अंतरावर साधारण साडेसात मिमी असते आणि २० सेंमीवर जवळजवळ दुप्पट बिघडते. डिटेक्टर पेशंटच्या अंगापासून उगाच ५ सेंमी लांब फिरला तर लहान गाठ तिथेच गेली. गोल कक्षेऐवजी अंगाच्या वळणाने फिरणारी कक्षा वापरा. चादरीची घडी, हाताचा आधार, पाण्याची बाटली असं काही डिटेक्टरला लांब ढकलत नाही ना, ते तपासा.

थायरॉईड आणि पॅराथायरॉईडसाठी काय घ्यावं?

थायरॉईडचा कॅन्सर काढल्यानंतरचा आयोडीन-१३१ स्कॅन हे वरच्या नियमाचं उत्तम उदाहरण आहे. ३६४ केव्हीच्या किरणांसाठी जाड भिंतींचा कॉलिमेटर लागतो, त्याची रेखीवता १० सेंमीवर १२ मिमीच्या पुढे असते, म्हणजे कागदावर सगळ्यात वाईट. तरीही उरलेली काही मिलिमीटरची थायरॉईडची पेशीपुंजी झगमगते, कारण लाळग्रंथी, जठर, मूत्राशय असे काही भाग सोडले तर बाकी शरीरात आयोडीन जवळजवळ दिसतच नाही. इथे घात होतो तो तयारीत. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) ३० च्या वर गेलेला नसणं, आयोडीनयुक्त मीठ चालू असणं, किंवा मागच्या दीड-दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचा सीटी झालेला असणं यातलं काहीही असलं तर गाठ आयोडीन नीट घेणार नाही, आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी चित्र कोरं येऊ शकतं. थायरॉक्सिनची गोळी बंद करायची की नाही, किती आठवडे, हे डॉक्टरच ठरवतील. आपल्या मनाने बंद करू नका.

पॅराथायरॉईडची (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीची) गाठ बहुधा एक-दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि थायरॉईडच्या मागे दडलेली असते. टेक्नेशियम सेस्टामिबी हे औषध २० ते २५ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) देऊन १०-१५ मिनिटांनी आणि पुन्हा दीड-दोन तासांनी चित्र घेतात. नुसतं सपाट चित्र घेऊ नये, स्पेक्ट-सीटी मागावा. मानेसाठी पिनहोल कॉलिमेटर असेल तर उत्तम: एकाच लहान भोकातून चित्र मोठं होऊन येतं आणि रेखीवता सुधारते, मात्र भोक मानेच्या अगदी जवळ आणावं लागतं आणि वेळ जास्त लागतो. एवढं करूनही गाठ सापडली नाही आणि रक्तातलं कॅल्शियम व पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन) वाढलेलंच असलं, तर फ्लोरिन-१८ कोलीनचा पेट करावा. लहान गाठींत तो सेस्टामिबीच्या पुढे आहे.

तोंडाच्या कॅन्सरनंतर मानेतल्या लहान गाठी बघायच्या आहेत. पेटमध्ये दिसतील?

गुटखा-तंबाखूमुळे आपल्याकडे हा प्रश्न सतत येतो. ८ मिमीच्या वरची, एफडीजी (पेटचं साखरेसारखं किरणोत्सारी औषध) भरपूर घेणारी गाठ दिसते. गाठीत कॅन्सरच्या पेशी कणाएवढ्याच असतील तर कोणताही पेट ते दाखवू शकत नाही. म्हणून सर्जन मानेच्या गाठी काढायच्या म्हणत असतील तर ‘पेट कोरा आहे, मग कशाला?’ हा युक्तिवाद धरू नका.

केंद्राकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक, डोकं-मानेचं वेगळं चित्र, हात खाली ठेवून. संपूर्ण शरीराच्या स्कॅनला हात डोक्यावर असतात, आणि त्यामुळे मानेचा सीटी व पेट दोन्ही बिघडतात. दुसरं, त्या भागासाठी नेहमीच्या २-३ मिनिटांऐवजी ५ ते १० मिनिटं आणि २ मिमीच्या आसपासचा पिक्सेल. पिक्सेल रेखीवतेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा असेल तर मशीनने टिपलेला बारकावा कॉम्प्युटरमध्येच वाया जातो.

पेशंटने त्या दिवशी तंबाखू, सुपारी, च्युइंगगम काहीच चघळायचं नाही. इंजेक्शननंतरच्या तासात बोलणंही टाळायचं. जबड्याचे आणि घशाचे स्नायू एफडीजी ओढून घेतात आणि नेमकी बघायची जागाच झाकली जाते.

प्रवास लांबचा आहे. तयारी कशी करावी?

तळोदा, धडगावहून सुरतला किंवा रावेर, मुक्ताईनगरहून छत्रपती संभाजीनगर, नाशिक, मुंबईला जाऊन स्कॅन वाया गेला तर अख्ख्या घराचे दोन दिवस आणि भाडं पाण्यात. एफडीजी पेटसाठी किमान ६ तास उपाशी. साधं पाणी मात्र भरपूर. बसमध्ये दिलेला चहा, ताक, उसाचा रस यांनीसुद्धा उपास मोडतो. साखर २०० च्या खाली हवी. इन्सुलिनची वेळ केंद्राला फोन करूनच ठरवा, कारण इन्सुलिन घेऊन लगेच एफडीजी दिलं तर ते सगळं स्नायूंत जातं आणि गाठ उपाशी राहते. मेटफॉर्मिनने आतड्यात एफडीजी साठतं. पोटातली लहान गाठ बघायची असेल तर ती दोन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा.

आदल्या दिवशी कापूस वेचणं, केळीचे घड उचलणं, सायकल चालवणं बंद. शक्य असलं तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा.

थंडीत आणखी एक अडचण येते. धुळ्यात जानेवारीत पारा एक आकडी उतरतो. गार वाऱ्यात कुडकुडत आलेल्या पेशंटची, विशेषतः तरुण आणि बारीक पेशंटची, मानेतली व गळपट्टीच्या हाडावरची तपकिरी चरबी एफडीजी ओढते, आणि तिथली ७-८ मिमीची गाठ ओळखणं अशक्य होतं. स्वेटर, मफलर, पायमोजे घालून या आणि इंजेक्शनच्या आधी अर्धा-एक तास उबेत बसा.

डिजिटल पेट, टाइम ऑफ फ्लाइट यांनी खरंच फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत सांगतात त्या कारणाने नाही. दोन किरण पोचण्यातल्या वेळेच्या फरकावरून ते कुठून निघाले याचा अंदाज बांधला जातो. ही अचूकता ४०० पिकोसेकंद असेल तर जागा ६ सेंमीपर्यंत कळते, २१४ असेल तर ३ सेंमीच्या थोडी पुढे. म्हणजे ५ मिमीची गाठ त्याने थेट रेखीव होत नाही; कणीदारपणा कमी होतो. पेशंट जितका जाड, तितका फायदा मोठा. रेखीवता वाढते ती क्रिस्टल (किरण पकडणारा स्फटिक) लहान असल्यामुळे.

सीझेडटी कॅमेरा म्हणजे काय?

कॅडमियम झिंक टेल्युराइडचा डिटेक्टर किरणाचं थेट विजेत रूपांतर करतो. नेहमीच्या सोडियम आयोडाइडमध्ये आधी प्रकाश आणि मग वीज होते. त्यामुळे ऊर्जा अधिक नेमकी मोजली जाते (साधारण ५-६ टक्के, जुन्यात ९-१०), भरकटलेले किरण जास्त चांगले वगळता येतात. हृदयाच्या स्कॅनमध्ये हा स्पष्ट सरस आहे. पण कॉलिमेटर इथेही लागतोच, त्यामुळे पेटशी बरोबरी नाही.

दोन मशीनच्या माहितीपत्रकांची तुलना करताना काय बघावं?

रेखीवतेचा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या. तो नेमा (अशी यंत्रं मोजण्याचं मानक) पद्धतीने हवेत ठेवलेल्या ठिपक्यावर मोजलेला असतो, त्यात पेशंटचं शरीर नसतं. त्याऐवजी इमेज क्वालिटी फँटमचा (पेशंटऐवजी स्कॅन करायच्या चाचणीच्या नमुन्याचा) निकाल मागा. त्यात १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिमीचे सहा गोल असतात. नजर फक्त १० मिमीच्या गोलावर ठेवा आणि दोन आकडे एकत्र विचारा: कॉन्ट्रास्ट (गोल आणि आजूबाजूच्या तेजातला फरक) किती टक्के परत मिळाला, आणि त्याच चित्रात पार्श्वभूमीचा चढउतार किती. एकटा पहिला आकडा कोणीही वाढवू शकतो. इटरेशन (कॉम्प्युटरने चित्र बांधण्याच्या फेऱ्या) वाढवा, फिल्टर काढून टाका, कॉन्ट्रास्ट वर जातो आणि त्याबरोबर कणीदारपणाही. हेही विचारा: हा निकाल रोजच्या पेशंटच्या सेटिंगवरचा आहे की खास प्रात्यक्षिकासाठी काढलेला?

१० मिमीच्या गोलाचं आकारमान अर्धा मिलिलिटर आहे आणि ५ मिमीच्या गोलाचं त्याच्या आठव्या हिश्शाएवढं. फँटममध्ये १० मिमी सुंदर दिसला म्हणून ५ मिमीची गाठही दिसेल, असं समजू नका.

जळगाव किंवा धुळ्यात नवं केंद्र काढायचं तर आधी काय घ्यावं?

आमचं मत स्पष्ट आहे: आधी चांगला स्पेक्ट-सीटी. कारण औषधाच्या आयुष्यात आहे. पेटच्या एफडीजीतल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटं. मुंबईतून जळगावपर्यंत, पॅकिंग आणि वाहतूक धरून ७ तास लागले तर चौदावा हिस्सा उरतो. एका पेशंटला १० मिलिक्युरी द्यायची तर तिकडून १४० मिलिक्युरी निघायला हवी. घाटात गाडी अडकून आणखी तास गेला की शेवटच्या पेशंटचा डोस कमी पडतो. कमी डोस म्हणजे कमी किरण, कणीदार चित्र, आणि सर्वात आधी लहान गाठ गायब. अशा वेळी डोस कमी असेल तर स्कॅनच्या प्रत्येक टप्प्याचा (बेडचा) वेळ त्याच प्रमाणात वाढवावा. बऱ्याचदा गर्दीमुळे नेमकं हेच होत नाही.

स्पेक्टला लागणाऱ्या टेक्नेशियमचा जनरेटर (विजेचा नव्हे, ते औषध तयार करणारं साधन) आठवड्याला एकदा आला की रोज सकाळी औषध काढता येतं. पेट आलाच तर गॅलियम-६८ चा जनरेटर त्याच्यासोबत विचारात घ्या. त्यातल्या, गॅलियम ज्यातून बनतं त्या जर्मेनियम-६८ चं अर्धायुष्य २७१ दिवस आहे, त्यामुळे महामार्गावर अवलंबून राहावं लागत नाही, आणि प्रोस्टेटसाठी पीएसएमए, न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी डोटाटेट ही औषधं तिथेच तयार होतात. गॅलियमचा पॉझिट्रॉन (पेटचे दोन किरण ज्यामुळे निघतात तो कण) फ्लोरिनच्या तुलनेत जास्त लांब जातो (सरासरी ३ मिमीच्या आसपास, फ्लोरिनचा ०.६), म्हणून चित्र किंचित धूसर येतं. तरी पीएसएमएने ४-५ मिमीची गाठ दिसते, कारण ती भरपूर तेजस्वी होते. मूत्रनलिकेतला थेंब गाठ समजला जाऊ नये म्हणून लघवी करवून उशिराचं चित्र घ्यावं.

भुसावळकडच्या उन्हाळ्यात एसी आणि वीज हा यंत्राचाच भाग धरा. सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल तापमान ताशी ३ अंशांपेक्षा वेगाने बदललं तर तडकू शकतो. डिजिटल पेटचे सेन्सर तापमानाप्रमाणे बदलतात. वीज गेली आणि एसी बंद पडला तर परत चालू झाल्यावर लगेच पेशंट घेऊ नका. टेक्नेशियमचं १४० केव्हीचं शिखर जागेवर आहे का ते आणि फ्लड चित्राचा (सगळीकडे सारखे किरण पाडून काढलेल्या चित्राचा) सारखेपणा आधी तपासा. स्पेक्टमध्ये सेंटर ऑफ रोटेशन (कॅमेरा ज्याभोवती फिरतो तो मध्य) अर्ध्या पिक्सेलने जरी सरकलं तरी लहान गाठ धूसर होते, आणि मोठ्या गाठींत ही चूक लक्षातही येत नाही.

फुफ्फुसात ६ मिमीचा ठिपका सीटीत दिसला आहे. पेट करावा का?

बहुतेक वेळा नाही. ८ मिमीपेक्षा लहान घट्ट ठिपक्यावर पेटचा कोरा निकाल भरवशाचा नसतो. ठरावीक काळाने पुन्हा सीटी करणं बरं. फुफ्फुसाच्या तळाशी श्वासाबरोबर ठिपका एक-दोन सेंटिमीटर वरखाली होतो, आणि पेट तर मिनिटभराहून अधिक काळ चित्र घेत असतो. ६ मिमीच्या ठिपक्याचं औषध त्या सगळ्या लांबीवर पसरतं. श्वासाप्रमाणे वर्गवारी करणारी गेटिंगची सोय असेल तर ती मागा. सीटी खोल श्वास धरून आणि पेट हलक्या श्वासावर घेतलेला असेल, तर छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ वक्र पांढरा पट्टा दिसतो आणि यकृताच्या माथ्यावरची गाठ फुफ्फुसात बसलेली वाटते.

एसयूव्ही (गाठीने किती औषध घेतलं त्याचा आकडा) २.५ पेक्षा कमी आली, म्हणजे कॅन्सर नाही ना?

लहान गाठीला हा नियम लावूच नये. ५ मिमीच्या गाठीचा खरा आकडा ६ असला तरी चित्रात तो २ च्या आसपास उतरू शकतो. उलटही होतं: पीएसएफ नावाची, सांडलेला उजेड परत गोळा करणारी कॉम्प्युटरची सुधारणा चालू असेल तर १० ते १५ मिमीच्या गाठींत आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून नाशिकचा जुना आणि मुंबईचा नवा रिपोर्ट समोर ठेवून ‘वाढला’, ‘कमी झाला’ असं ठरवू नका. उपचाराचा परिणाम बघायचा तर तेच मशीन, तीच पद्धत, आणि इंजेक्शननंतर तेवढ्याच वेळाने चित्र.

क्षयरोग आणि सिकलसेल यांमुळे रिपोर्ट चुकतो का?

क्षयाच्या गाठी एफडीजी कॅन्सरइतकंच घेऊ शकतात. छातीतल्या लहान तेजस्वी गाठीला कॅन्सर म्हणण्याआधी तुकडा तपासावा लागतो. घरात कोणाला क्षय झाला असेल तर तसं फॉर्मवर लिहा.

नंदुरबारच्या सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे. हाडातला रक्तपुरवठा तुटलेला भाग बोन स्कॅनमध्ये सुरुवातीला फिका आणि भरताना तेजस्वी दिसतो. प्लीहाही औषध घेऊ शकते. तपासणी लिहिणाऱ्याने सिकलसेलची नोंद केली नाही, तर बरगडीतला असा ठिपका पसरलेला कॅन्सर म्हणून लिहिला जाण्याचा धोका असतो.

मेंदूतल्या लहान गाठींसाठी?

एमआरआय. मेंदू स्वतःच एफडीजी भरपूर घेतो, त्यामुळे मागे अंधार नसतोच.

स्कॅनला जाताना काय सोबत न्यावं?

जुन्या स्कॅनची सीडी, नुसता कागदाचा रिपोर्ट नव्हे, आणि ती घरून निघण्याआधी कॉम्प्युटरवर उघडते का ते बघून घ्या. बायोप्सीचा रिपोर्ट, चालू औषधांची यादी, शेवटची केमो, रेडिएशन किंवा ऑपरेशन कधी झालं त्याच्या तारखा. आणि डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ: नेमकी कोणती गाठ, कुठली, किती मिमीची शोधायची आहे. ‘होल बॉडी पेट’ एवढंच लिहून आलं तर त्या जागेसाठी जास्तीची मिनिटं कोणी देणार नाही.